जरा लक्ष ठेवा

"एकटी? म्हणजे कोणाबरोबर?" नवऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं.

"एकटी म्हणजे एकटीच." शिवणबाईंनी तोंडातली टाचणी काढून उशीत खोचली. "आठ दिवसांचा वर्ग आहे. कोट बेतायला शिकवणार आहेत. नाव नोंदवून झालंय माझं."

पंचावन्न वर्षांच्या शिवणबाईंनी पुढच्या खोलीत मशीन टाकून अर्ध्या गल्लीला कपडे घातले होते. फक्त कोटापाशी घोडं अडत होतं. कॉलर काही केल्या मानेवर बसायची नाही. कोणी कोटाचं कापड घेऊन आलं, की "दुसरीकडे बघा हो" म्हणावं लागे, आणि त्या रात्री बाईंना जेवण जात नसे. आता शिकायची संधी आली होती, पण वर्ग होता बसने दिवसभराच्या वाटेवर. आणि बाई आजवर एकट्या म्हणून कधी कुठे गेल्याच नव्हत्या. आधी वडील, मग नवरा, तो नसला तर दीर. सामान जसं कोणाच्या तरी ताब्यात असतं, तशा बाई असत.

नवऱ्याला घरात सगळे वेळापत्रक म्हणत. कुठली गाडी कधी सुटते, हे त्याला झोपेतही सांगता येई. प्रवासाची सगळी जबाबदारी त्याचीच, म्हणजे तिकिटं त्याच्या खिशात. पाणी, गोळ्या, मफलर, चष्म्याचं घर आणि उतरायचं ठिकाण आलं की त्याला गदागदा हलवून जागं करणं, एवढं किरकोळ काम तेवढं बाईंकडे असे.

घरात बैठक बसली. नणंद म्हणाली, "वहिनी, या वयात कसले हे डोहाळे!" दीर म्हणाला, "मी येतो की सोबत, मला काय काम आहे?" मुलगा म्हणाला, "आई, ऑनलाइन शीक ना." बाई ऐकेनात. शेवटी वेळापत्रकाने निकाल दिला.

"जा. पण वाटेत जरा जरी गडबड झाली, तर पुढच्या गाडीने परत यायचं. आणि पुन्हा या घरात एकटीने जायचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. मनाचा हिय्या करून त्यांनी पिशवी भरायला घेतली.

निघायच्या दिवशी अख्खं घर स्टँडवर हजर. बाईंना खिडकीची जागा मिळाली. नवऱ्याने "पाणी बघून येतो" म्हणत हळूच पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या गुरुजींना गाठलं. "आमच्या ह्या पहिल्यांदाच एकट्या निघाल्यात. जरा लक्ष ठेवा हं. त्यांना कळू देऊ नका." गुरुजींनी मान डोलावली आणि आपली छत्री वरच्या घंटीच्या दोरीला अडकवली.

"आजोबा, दोरीला छत्री नका लावू," कंडक्टर ओरडला. "एक टोला पडला तर गाडी थांबते आणि दोन पडले तर सुटते."

गुरुजींना ते ऐकू गेलं नाही. इकडे नणंदेने मागच्या सीटवरच्या नर्सचा हात धरला होता. "वहिनी भोळी आहे हो आमची. जरा लक्ष ठेवा." दिराने औषधं विकणाऱ्या एका गृहस्थांना पटवलं. मुलाने तर थेट कंडक्टरलाच बाजूला घेतलं आणि आपला नंबर देऊन ठेवला. कोणी कोणाला काही बोललं नाही. चौघेही समाधानाने हात हलवत राहिले, आणि बस सुटली.

गाव मागे पडलं तशा बाई हरखल्या. खिडकी हवी तेवढी उघडी! कोणी "वारा लागेल" म्हणणारं नाही. फक्त एक गोष्ट त्यांना कळेना. मान वळवावी तिकडे कोणीतरी आपल्याकडेच बघत होतं. गुरुजी दर थोड्या वेळाने वळत. नर्स सीटवरून डोकावे. औषधवाले डोळे मिटून पुन्हा एकच उघडत. "माझ्या ब्लाउजची शिवण उसवलीय की काय?" बाईंनी हळूच चाचपून पाहिलं. शिवण शाबूत होती.

दुपारी बस चहाला थांबली. बाई मुद्दाम उतरल्या नाहीत. उतरलं की गडबडीला आमंत्रण, हे त्यांना माहीत होतं. पण पिशवीतली टेप सुटली आणि गुंडाळी घरंगळत थेट मागच्या सीटखाली गेली. बाई ओणव्या झाल्या आणि टेपेमागे सीटखाली शिरल्या.

खाली चहा पिणाऱ्या नर्सने सवयीने खिडकीकडे पाहिलं. खिडकी रिकामी!

"अगं बाई, त्या बाई कुठे गेल्या?"

"कुठल्या? खिडकीतल्या?" औषधवाल्यांनी हातातला कप खाली आदळला. "त्यांच्यावर तर मी लक्ष ठेवून होतो!"

"तुम्ही का? ते तर माझं काम!" कंडक्टर धावत आला.

दारात उभ्या गुरुजींना एवढंच ऐकू आलं, की बाई हरवल्या. लढाईला निघाल्यागत त्यांनी दोरीवरची छत्री हिसकली आणि खाली उडी मारली. टण टण!

ड्रायव्हर केबिनमध्येच चहा घेत होता. दोन टोले पडले की मागे बघायचं नाही, हा त्याचा धर्म. त्याने कप ठेवला आणि गाडी काढली. नर्स तोवर बायकांच्या स्वच्छतागृहात, गुरुजी हॉटेलच्या भटारखान्यात, औषधवाले पेट्रोलपंपावर पोचले होते. कंडक्टर भिंतीआड उभा राहून फोनवर बाईंच्या मुलाला सांगत होता, "साहेब, तुमची आई हरवली!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कळसा सीटखालून टेप घेऊन वर आला, तर बस हमरस्त्याला लागलेली. शेजारी, पुढे, मागे सगळ्या सीटा रिकाम्या. उरलेली मंडळी घोरत पडलेली.

"अहो ड्रायव्हर, थांबवा! माणसं राहिली!"

"कंडक्टरने टोला दिल्याशिवाय नाही थांबत, बाई."

"अहो, तोच राहिलाय मागे!"

रेडिओच्या आवाजात ड्रायव्हरला ते पटायला वेळ लागला असता. बाईंनी वाट पाहिली नाही. हात उंच करून दोरी ओढली. टण! गाडी जागच्या जागी उभी. बाई हातातल्या दोरीकडे बघतच राहिल्या. एवढी मोठी गाडी आपल्या हाताने थांबते!

मग त्या उतरल्या आणि गळ्यात टेप टाकून, उन्हातून तरातरा उलट चालत निघाल्या. नर्स स्वच्छतागृहाची दारं ठोठावत होती. "बाई, आत आहात का?"

"बाहेर आहे," बाई मागून म्हणाल्या. "गाडी सुटली होती तुमची. चला."

"सापडल्या! सापडल्या!" नर्स ओरडली. गुरुजींना बाईंनी भटारखान्यातून हाताला धरून काढलं, औषधवाल्यांना पंपावरून आणि कंडक्टरला भिंतीआडून हाक मारली. वाटेत एकेकाने कबुली दिली. "तुमच्या मिस्टरांनी सांगितलं होतं..." "मला तुमच्या नणंदेने..." "मला दिरांनी..." "मला तुमच्या मुलाने..."

बाई रस्त्यातच थांबल्या. डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते रागाचं होतं. "म्हणजे मी एकटी नव्हतेच? चार-चार राखणदार?"

"होतो," कंडक्टर ओशाळून म्हणाला. "पण आणलंत तुम्हीच आम्हाला."

यावर बाईंना हसू फुटलं, आणि ते आवरेचना.

बसमध्ये चढताना कंडक्टरने अदबीने दोरीकडे हात केला. "आज मान तुमचा." बाईंनी गुरुजींची छत्री आपल्या सीटखाली ठेवली आणि ऐटीत दोन टोले दिले. गाडी सुटली. घोरणारे जागे होऊन विचारू लागले, काय झालं?

तेवढ्यात फोन वाजला. वेळापत्रक!

"अगं, हरवलीस ना? मी म्हणत होतो! तू आहेस तिथेच थांब, मी निघालोय."

"हरवले नाही. तुम्ही नेमलेली माणसं हरवली होती, ती शोधून गाडीत बसवली. वर्गाला चाललेय मी. तुम्ही कुठून बोलताय?"

"बसमधून. पोराने सांगितलं तसा मिळेल त्या गाडीत चढलो." आवाज एकदम खाली आला. "अगं... गोळ्या घरी राहिल्या. चष्मा सापडत नाहीये. पाटी वाचता येत नाही. ही गाडी तिकडेच जाते ना गं? मला उतरायचं कुठे?"

तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांत हा माणूस तरी एकटा कुठे गेला होता?

"आधी कपाळ चाचपा. चष्मा तिथे असेल," त्या मायेने म्हणाल्या. "सापडला? आता शेजारी कोण बसलंय?"

"एक बाई आहेत."

"त्यांच्याकडे फोन द्या."

पलीकडून परक्या बाईंचा आवाज आला, "हॅलो?"

शिवणबाईंनी खिडकी पुरती उघडली आणि आवाज हळू केला. "आमचे हे पहिल्यांदाच एकटे निघालेत. जरा लक्ष ठेवा हं. त्यांना कळू देऊ नका."