थॉर्नलीची चौकशी

ब्रॅक्सबी रोव्हर्सचा पुढचा मॅनेजर कोण होणार, हे अख्ख्या जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक त्या क्लबचा मालक आणि दुसरा मी! मालक इंग्लंडात राहतो. मी मुरुडला राहतो आणि बी-बियाणं, खतं विकतो.

आता तुम्ही विचाराल, लातूर जिल्ह्यातल्या खतवाल्याचा इंग्लंडातल्या फुटबॉलशी संबंध काय? तर कॉलेजात असताना आम्ही सायबर कॅफेत फुटबॉलचा गेम खेळायचो. नावाजलेल्या टीम दांडगी पोरं आधीच पटकवायची. माझ्या वाट्याला दर वेळी उरायची ती ब्रॅक्सबी. तिच्यासोबत हरता हरता तिच्यावर असा जीव जडला की विचारू नका!

यंदा खरीखुरी ब्रॅक्सबीही माझ्यासारखीच हरत होती. शेवटी क्लबानं मॅनेजरला नारळ दिला. त्यानंतर मालक आठवडाभर ज्याच्या मागे होता, तो काही हो म्हणेना. तरी शुक्रवारी दुपारी घरी बसून मी सत्यमला छातीठोकपणे सांगितलं, "डंकन थॉर्नली येणार! लिहून घे!"

सत्यमचं मेडिकल माझ्या घरासमोर आहे. मुरुडमधला ब्रॅक्सबीचा दुसरा चाहता तोच. तिसरा अजून सापडलेला नाही.

"कशावरनं म्हनतूस?" सत्यमनं विचारलं.

"मला आतून वाटतंय!"

"मागल्या बारीला बी तुला आतूनच वाटलं होतं. त्यो मानूस तिकडं रिटायर होऊन मासे धरायला गेलता!"

एवढ्यात पलंगावरून आवाज आला, "कोन हाय ह्यो थोरनळे?"

पलंगावर माझे सासरे होते. गुरुपादप्पा! शिरूर अनंतपाळचे कापड दुकानदार. लातूरला मोतीबिंदू काढून चार दिवस लेकीकडे विसाव्याला आले होते. डोळ्यावर काळा चष्मा आणि टीव्ही बघायला डॉक्टरांची बंदी. पण मामांचं खरं नाव कापडासाठी नाही, सोयरिकीच्या चौकशीसाठी आहे. शिरूरपासून उदगीरपर्यंत आमच्या समाजात मुलगी द्यायची असली की आधी मामांना विचारतात. एकदा एका नवरदेवाची नोकरी गेल्याचं त्याच्या बापाच्या आधी मामांना कळलं होतं, तेही त्याच्या न्हाव्याकडून!

अशा माणसाचा मी जावई. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण "जावईबापू, बरं केलंत" हा शब्द मामांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. जिवंतपणी एकदा तो ऐकायचा, एवढीच माझी इच्छा.

"मामा, थॉर्नली मॅनेजर आहे," मी अदबीनं सांगितलं. "सध्या स्टॅनवेलच्या क्लबात असतो. तो आमच्याकडे येणार आहे."

"तिथं जमंना का त्याला?"

"जमतंय की. उत्तम जमतंय."

"मग सोडायलाय कशाला? चौकशी केलाव का?"

"नेटवर सगळं आहे मामा. किती मॅच जिंकला, किती हरला..."

"ते त्यो सोता सांगायलाय! बायोडाटात सोताबद्दल वंगाळ कोन लिवतंय? समोरच्या दुकानदाराला इचारलाव का?"

मामा उठून बसले.

"पावण्याला इचारायचं न्हाई, त्यो गोड बोलतो. शेजाऱ्याला इचारायचं न्हाई, त्यो जळतो. समोरचा दुकानदार! त्याला येनंजानं समदं दिसतंय आनि खोटं बोलून फायदा न्हाई. लावा फोन!"

सत्यमनं नकाशावर स्टॅनवेलचं मैदान शोधलं. काय सांगू तुम्हाला! फाटकाच्या बरोब्बर समोर किराणा दुकान, आणि खाली नंबर! आपल्याकडे दुपार म्हणजे तिकडची सकाळ. मी फोन स्पीकरवर टाकला आणि घोकलेलं इंग्रजी बोलायला लागलो.

पलीकडून आवाज आला, "कौन बोल रै? किदर से?"

दुकानदाराचं नाव खाजाभाई. मूळ गाव बिदर! म्हणजे उदगीरहून हाकेच्या अंतरावर! माझ्या अंगावर काटा आला. मामांना मात्र त्याचं काहीच नवल वाटलं नाही. समोरचा दुकानदार आपलाच निघणार हे ते धरूनच चालले होते. त्यांनी फोन ओढून घेतला. उदगीरच्या बाजारात निम्मं आयुष्य काढलेला माणूस तो. दखनी अशी सुटली की बस!

"भाई, मैं शिरूर का गुरुपादप्पा. तुमारे सामने वो थोरनळे करके लडका है ना, उसकी जरा चौकशी करनी थी. उसके वास्ते एक अच्छी जगा है."

"लडका? वो तो शादीशुदा है भाई! दो बच्चे हैं!"

"तो क्या हुआ? हमारेकू चलता! संसारी आदमी टिकता. बीवी-बच्चों कू लेके आव बोलना!"

पलीकडे खाजाभाईंना ठसका लागला.

"आदत-बिदत कुछ?" मामांची गाडी पुढं निघालीसुद्धा.

"नै नै... शरीफ है. रोज सुबू कुत्ते कू लेके आता, दूध लेके जाता. बीवी जरा तेज है."

"ससुराल किदर है?"

"ब्रॅक्सबी. सास वहींच रैती. इसीवास्ते तो वो उस गाव का नाम बी नै लेता!"

मामांनी फोन ठेवला आणि पुन्हा आडवे झाले. "जावईबापू, तुमचा मानूस येत न्हाई. सासुरवाडीच्या गावात नोकरी कोन करतंय? सासू रोज दारात!"

मी थक्क! थॉर्नली का अडलाय, यावर इंग्लंडातले पत्रकार आठवडाभर तर्क लढवत होते. कुणी म्हणत होतं पगार, कुणी म्हणत होतं गोलकीपर. सासूपर्यंत एकही पोचला नव्हता! आणि मामा पलंगावरून खाली उतरलेसुद्धा नव्हते. मला त्यांना हात जोडावेसे वाटले. मनात आणखी एक गोड विचार आला. या माणसानं माझीही अशीच चौकशी केली असणार, आणि मग मुलगी दिली! म्हणजे मी काय साधासुधा आहे?

त्याच जोशात मी नेटवर ब्रॅक्सबीच्या चाहत्यांच्या पानावर लिहिलं, "थॉर्नली येणार नाही. कारण त्याची सासू. बातमी खात्रीची आहे."

केनियापासून नॉर्वेपर्यंत धडाधड उत्तरं आली! मुरुडचे हे गृहस्थ कोण, म्हणून विचारणा झाली. ब्रॅक्सबीच्या एका म्हाताऱ्यानं लिहिलं की तो त्या बाईंना ओळखतो आणि बातमी खरी असणार! मी ते मामांना वाचून दाखवलं. मामा नुसते "हं" म्हणाले. पण नेहमीच्या "हं"पेक्षा तो जरा लांब होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी खाजाभाईंचाच फोन आला.

"गुरुपादप्पा, ये क्या कर दिए तुम! मैं भाभी कू बोला, तुमारे मियाँ कू इंडिया से रिश्ता आया! बीवी-बच्चों के साथ बी चलता बोले!"

मामा ताडकन उठून बसले. "रिश्ता? मी कवा... अरे देवा! लडका म्हनलो की मी!"

पुढचं खाजाभाईंनी एका दमात सांगून टाकलं. त्या बाईनं घरी जाऊन नवऱ्याला एवढंच विचारलं की इंडियात कोण आहे? आणि तिनं पुढं काही म्हणायच्या आतच थॉर्नलीनं घाबरून कबुली दिली! मागच्या डिसेंबरात ट्रेनिंगला स्पेनला जातो म्हणून सांगून हा गडी मित्रांबरोबर गोव्याला गेला होता! आता त्याच्या बॅगा दाराबाहेर होत्या.

"भाभी इदरीच खडी है दुकान में! लो, बात करो!"

मामांनी फोन माझ्यासमोर धरला. मी तो सत्यमसमोर धरला. सत्यमला एकाएकी आठवलं की दुकान उघडंच राहिलंय. मामा कळवळून म्हणाले, "जल्मभर जोडत आलो जावईबापू, मोडलं न्हाई कुनाचं. आता ह्या वयात..." मला फार वाईट वाटलं. मॅनेजर तर गेलाच होता. त्याच्याबरोबर बिचाऱ्याचा संसारही निघाला होता, आणि मामांचा शब्द माझ्या नशिबातून कायमचा!

तेवढ्यात सकाळची शाळा आटपून मंजुषा आली. माझी बायको हायस्कुलात इंग्रजी शिकवते. तिनं सगळं ऐकलं आणि फोन हिसकून घेतला.

"द्या हिकडं. दोघं बी गप बसा!"

ती आत गेली. आधी बराच वेळ सॉरी सॉरी ऐकू आलं. मग 'माय फादर', मग 'माय हजबंड'. मग 'फुटबॉल' हा शब्द आला, आणि तो तिनं कुठल्या सुरात उच्चारला ते मी इथं सांगत नाही. त्यानंतर हसणं सुरू झालं. ते काही केल्या थांबेना! मामा इकडं "शिव शिव" करत बसले होते.

मंजुषा बाहेर आली. "मिटलं! रिश्ता-बिश्ता काय न्हाई, आमच्या घरात दोन येडे हायत म्हणून सांगितलं. लगेच पटलं तिला."

"आन गोवा?" मामांनी विचारलं.

"गोव्याची शिक्षा हाय की आप्पा! ती म्हनली, आता ह्यानं ब्रॅक्सबीलाच नोकरी करायची. तिच्या आईच्या शेजारचं घर रिकामं हाय."

सोमवारी टीव्हीवर थॉर्नली आला! गळ्यात आमच्या क्लबाचा मफलर, शेजारी हसरी बायको. तो स्वतः मात्र बळंच लग्नाला उभा केल्यासारखा दिसत होता. ब्रॅक्सबीच का निवडलंत, असं कुणीतरी विचारलं. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि म्हणाला, कुटुंबाचा निर्णय आहे. चाहत्यांच्या पानावर मुरुडच्या थापाड्यावर शिव्यांचा पाऊस पडत होता. पडू दे! माझा थॉर्नली आला होता! मालकाला जमलं नाही, पत्रकारांना कळलं नाही, आणि शिरूरच्या माणसानं पलंगावरून एका फोनवर इंग्लंडातला मॅनेजर हलवला! मी भारावून मामांच्या पाया पडलो.

"मामा, धन्य आहात तुम्ही! एक विचारू? माझ्या वेळी तुम्ही कुठल्या दुकानदाराला विचारलं होतं? काय सांगितलं त्यानं?"

मामा आठवायला लागले.

"तुमच्या टायमाला? तवा मी टायफाईडनं पडल्यालो. तुमच्या सासूनं फोटू बघून ठरवलं. मी उठेस्तोवर साखरपुडा झालता."

"म्हणजे माझी चौकशी...?"

"ऱ्हायलीच की!"

मामांनी काळा चष्मा सावकाश सत्यमकडे वळवला. "सत्यमराव, तुमचं दुकान ह्यांच्या समोरच हाय न्हवं?"

"हाव आप्पा!" सत्यमनं खुर्ची पुढं ओढली. "येनंजानं समदं दिसतंय."

नीट ऐकू यावं म्हणून मंजुषानं टीव्ही बंद केला. मी चहा टाकायला आत पळालो!