एकशे शहाण्णवचा खुला पाठ

वाचकहो, सावधचित्ताने वाचावे अशी नम्र विनंती आहे. असाधारण बुद्धीच्या मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांचे जे प्रशिक्षण आमच्या जिल्ह्यात झाले, त्याच्या अखेरीस काराबुलाक गावच्या शाळेत बुरुलचाबाईंचा खुला पाठ कोणत्या कारणाने रुळावरून घसरला, आणि घसरून तो कोठवर गेला, ते येथे यथाक्रम निवेदन केले जाईल.

बुरुलचाबाई गणिताच्या शिक्षिका. नोकरीला सत्तावीस वर्षे झालेली, केस अर्धे पिकलेले, आवाज मात्र डोंगरापलीकडच्या मेंढराला वळवून आणील असा. आसपासच्या खेड्यांतून आणि कुरणांवरून वेचून वेचून त्यांनी अकरा मुलांचा एक वर्ग उभा केला होता. कोणी वाण्याच्या दुकानात बसल्या बसल्या बेरजा सुधारणारा, कोणी बापाला घोड्याच्या सौद्यात व्याज समजावून सांगणारी. बाईंच्या पोटी मूलबाळ नव्हते. हा वर्गच त्यांचा संसार होता. अशा सुखात वरून हुकूम आला की, असाधारण मुलांचा वर्ग ज्या शिक्षकाकडे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नसेल, तो वर्ग एक सप्टेंबरपासून बंद करावा व मुले आपापल्या गावी परत धाडावीत.

म्हणून वयाच्या बावन्नाव्या वर्षी बाई जिल्ह्याच्या गावी तीन आठवडे विद्यार्थिनी होऊन राहिल्या. राजधानीहून आलेल्या प्रशिक्षिका चिनारा मुकानोव्ना यांनी त्यांना रंगीत चिठ्ठ्या दिल्या, मोठ्या कागदावर फुले काढायला लावली आणि एके दिवशी सर्व शिक्षकांना जिज्ञासू बालक होऊन प्रश्न विचारण्यास सांगितले. कुबात गुरुजी नावाचे पदार्थविज्ञानाचे साठीचे शिक्षक उभे राहिले आणि जिज्ञासू बालकाच्या नात्याने त्यांनी एवढेच विचारले की, घरी केव्हा सोडणार. परंतु बाईंनी सारे मनःपूर्वक टिपून घेतले. त्यांच्या वहीचा सारांश असा की, उत्तम शिक्षक उत्तर सांगत नाही. मुलांना उत्स्फूर्तपणे शंका येऊ देतो. आणि प्रसंगी 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्यास लाजत नाही. शेवटची परीक्षा म्हणजे ज्याच्या त्याच्या वर्गात, सर्वांच्या देखत, एक खुला पाठ.

आता आमच्याकडे पाहुण्यांसमोर तालमीवाचून पाठ घेणे म्हणजे पाहुण्याला कच्चे मांस वाढणे. बाईंनी परत येताच तालीम सुरू केली. कोणाला कोणती शंका उत्स्फूर्तपणे यावी, ते त्यांनी मुलांना नेमून दिले व पाठ करून घेतले. 'मला ठाऊक नाही' हे वाक्य आपल्या टाचणात तीन ठिकाणी लाल शाईने लिहिले आणि आरशासमोर त्याचा सराव केला. मुलेच ती, तिसऱ्या दिवशी त्यांनी बाईंच्या निदर्शनास आणले की, दुसऱ्या ठिकाणी जे बाईंना ठाऊक नाही, ते त्यांनीच आधीच्या मिनिटात फळ्यावर वापरलेले आहे. बाईंनी आपले अज्ञान चार ओळी वर सरकविले.

याखेरीज एक जुना रिवाज होता, जो बाईंना त्यांच्या बाईंनी शिकविला होता. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करावा, येत नसेल त्याने डावा. पाहुण्याला सगळा वर्ग हात वर केलेला दिसतो, आणि बाई फक्त उजव्यांतून नाव घेतात. हा नियम दरवर्षी एक सप्टेंबरला सांगितला जातो आणि मग वर्षभर तो कोणी उच्चारीत नाही.

अडचण अशी उद्भवली की, या वर्गात सर्वांना सर्वच येई. अकराच्या अकरा हात उजवे वर आले, तर पाहुण्यांना पढविल्याचा संशय येणार. तेव्हा कोणाला तरी न येणे भाग होते. चिठ्ठ्या टाकल्या, बेकतुर नावाच्या धिप्पाड मुलाचे नाव निघाले. दुसऱ्या दिवशी पांढरी उंच टोपी घातलेले त्याचे आजोबा काठी टेकीत शाळेत हजर.

"बाई, माझ्या नातवाला सात पिढ्यांची नावं तोंडपाठ आहेत. त्याला न येण्याचं काम कुणी दिलं?"

"आजोबा, ते पाठापुरतंच आहे हो. नाटकातल्यासारखं."

"मग नाटकात त्याला हुशार करा. मठ्ठ तो घरी हवा तेवढा आहे."

हे ऐकून बाकीच्या घरांनीही आपापली मुले आवरून धरली. उरली फक्त बारावी चोल्पोन, जिला बाईंनी या अकरांच्या हिशेबात धरलेच नव्हते. ही मुलगी मार्च महिन्यात, हिवाळी कुरणावरून बापाची मेंढरे खाली उतरल्यावर, वर्गात आलेली. शेवटच्या बाकावर, बेकतुरच्या रुंद पाठीआड बसे. तेथून ती काय लिहिते, कशी लिहिते, ते दिसत नसे. दिसे तो केवळ वर आलेला हात, आणि तो नेहमी डावा. वहीत तिची उत्तरे बरोबर असत, ते पुण्य बाईंनी तिच्या शेजारणीच्या खात्यावर टाकले होते. पोर ढ आहे, पण प्रामाणिक आहे, असा निर्वाळा देऊन, तिला साध्या वर्गात बसवावे अशी चिठ्ठीही त्यांनी तोक्तोसुन हेडमास्तरांना दिली होती. आता तिलाच त्या म्हणाल्या की, तू नेहमीसारखाच हात वर कर, तुला काही कोणी विचारणार नाही. चोल्पोनला त्यातले काहीच उमगले नाही; परंतु वडीलधाऱ्यांना उलट विचारायचे नाही या संस्काराची ती मुलगी, तिने मान हलविली.

नेमलेल्या दिवशी चिनारा मुकानोव्ना दहा प्रशिक्षणार्थी शिक्षकांसह आल्या. हेडमास्तरांनी मेंढा कापला होता. मागच्या अंगणात मोठ्या कढईत मांस शिजत होते. पाठाला आरंभ झाला. विषम संख्या एकापासून ओळीने मिळवीत गेल्यास काय मिळते, हा विषय. तेल घातलेल्या चाकासारखा पाठ फिरू लागला. शंका उत्स्फूर्तपणे व वेळेवर आल्या. बाईंनी पहिले 'मला ठाऊक नाही' इतक्या सफाईने म्हटले की, कुबात गुरुजींना खरोखरच त्यांची काळजी वाटली.

बाराव्या मिनिटाला प्रशिक्षिका उठून उभ्या राहिल्या.

"बाई, जरा थांबवते. ती शेवटच्या बाकावरची मुलगी मघापासून हात वर करून बसलीय. तिला का नाही विचारत?"

बाईंच्या टाचणात या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही शाईने लिहिलेले नव्हते. डावा हात म्हणजे काय, हे पाहुण्यांना सांगता येत नव्हते. आणि विचारावे, तर मुलगी गप्प उभी राहणार, पाठ बुडणार व वर्गही त्यासवे जाणार. हेडमास्तरांनी दाराशी येऊन कुजबुजत विचारले की, ही तीच ना, जिला खाली पाठवायचे आहे. अखेर त्यांनी कढईत हात घालावा तसे नाव घेतले.

"चोल्पोन, तुला काही सांगायचंय का गं?"

"हो बाई. पण ते आजच्या धड्यातलं नाही."

"मग तर सांगच," प्रशिक्षिका म्हणाल्या.

मुलगी फळ्यापाशी आली. तिने डाव्या हाताने खडू उचलला आणि डाव्याच हाताने झरझर लिहू लागली. ते पाहताच बुरुलचाबाईंनी टेबलाची कड धरली. दीड महिना. रोज सहा-सात प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला वर आलेला तो हात. त्या साऱ्या हातांची बेरीज त्या गणिताच्या शिक्षिकेला त्या क्षणी करवली नाही.

"हे सत्तावन्न," चोल्पोन सांगत होती. "उलटं लिहिलं की पंचाहत्तर. दोन्ही मिळवले, एकशे बत्तीस. ते उलटं करून पुन्हा मिळवायचं. तीनशे त्रेसष्ट. आता हा आकडा उलटा लिहा नाहीतर सुलटा, तोच. म्हणजे सत्तावन्न दोन पायऱ्यांत थांबला."

"सगळेच असे थांबतात?" प्रशिक्षिकांनी विचारले.

"मी मेंढरं राखताना एकेक करून बघितलं. एकोणनव्वदनं लई दमवलं. चोवीस पायऱ्या घेतल्या, आकडा तेरा अंकी झाला, पण थांबला. एकशे पंच्याण्णवपर्यंत सगळे थांबतात." तिने खडू बदलला. "एकशे शहाण्णव थांबत नाही. दोन वह्या भरल्या. तो का थांबत नाही, हे बाईंना विचारायचं होतं. रोज हात वर करत होते."

कढईतला रटरट आवाज आता वर्गात ऐकू येऊ लागला. तेवढ्यात बेकतुर उठला व खणखणीत स्वरात म्हणाला, "बाई, मला उत्स्फूर्तपणे एक शंका आली आहे."

"बस खाली, बेकतुर."

"पण बाई, आता माझीच पाळी आहे."

कोणीही तिकडे लक्ष दिले नाही. कुबात गुरुजींनी खिशातून पेन्सिल काढली होती. त्यांच्या मागोमाग दुसऱ्यांनी, मग तिसऱ्यांनी. पाच मिनिटांत दहाही शिक्षक मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन एकशे शहाण्णव उलट-सुलट करीत बसले, आणि चिनारा मुकानोव्ना यांनी आपला मोठा कागद जमिनीवर पसरून त्यावर बैठक मारली. कोणी हाक मारीना, कोणी हसेना. हेडमास्तर तीनदा येऊन सांगून गेले की, मांस निवते आहे. चौथ्या वेळी ते आले ते परत गेलेच नाहीत, त्यांनीही कागद मागितला. शेवटी स्वयंपाकीण आनारकुल डाव हातात घेऊन दारात उभी राहिली आणि तिने हळूच चौकशी केली की, कोणी गेले का, एवढे सामसूम कशाने.

"थांबला," कुबात गुरुजी पुटपुटले. "अकराव्या पायरीला थांबला बघा."

चोल्पोन त्यांच्या कागदावर वाकली. "गुरुजी, सातव्या पायरीला हातचा राहिला."

साठ वर्षांच्या त्या गृहस्थाने सातवी पायरी तपासली, मग मुलीकडे पाहिले, आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बुरुलचाबाई," जमिनीवरून प्रशिक्षिका म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक आहे का, हा कुठं थांबतो?"

"नाही," बाई म्हणाल्या. आरशासमोर हा शब्द कधी एवढा लहान निघाला नव्हता.

"मलाही नाही. थोरामोठ्यांना अजून याचा शेवट लागला नाही, असं मागं कुठंतरी वाचलं होतं. त्यांच्याकडं यंत्रं आहेत. ही पोर मेंढरांमागं बसून तिथवर पोचली." मग त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही तिला बारा मिनिटं हात वर करून वाट पाहू दिलीत. एवढा धीर मी तीन आठवड्यांत कुणाला शिकवू शकले नसते."

ही स्तुती गिळून गप्प बसावे, तर वर्ग वाचत होता. बाईंनी एकदा अकरा मुलांकडे पाहिले आणि मग सारे सांगून टाकले. उजवा हात, डावा हात, नेमून दिलेल्या शंका, लाल शाई, साध्या वर्गाची चिठ्ठी. "बारा मिनिटं नव्हे हो," त्या म्हणाल्या, "दीड महिना. मला ती ढ वाटली."

चिनारा मुकानोव्ना यांनी बोटांवरची शाई पुसली. नंतर त्यांनी बाकांवरच्या दहाजणांना विचारले, "हा उजव्या-डाव्याचा नियम आणखी कुणाच्या वर्गात आहे? खरं सांगा."

दहा हात वर आले. क्षणभराने जमिनीवरचा अकरावाही.

मग कुबात गुरुजी, कोणी विचारले नसताना, टोपीकडे पाहत बोलू लागले. "माझ्या वर्गात एक होता. वर्षभर डावा हात वर. मी म्हणायचो, काय चिकाटीचा गाढव आहे. आता बाजारात टरबुजं विकतो. वजन न करता भाव सांगतो, आणि कधी चुकत नाही." जो तो आपापल्या मनातल्या शेवटच्या बाकाकडे पाहत होता.

प्रशिक्षिकांनी परीक्षेचा अर्ज काढला. पहिलाच रकाना होता, पाठ नियोजनाप्रमाणे पूर्ण झाला काय. त्यांनी 'नाही' लिहिले. पाठ अपूर्ण, तर प्रमाणपत्र नाही, हा नियम सर्वांनाच ठाऊक होता. बाईंनी निमूटपणे टाचणाचे कागद गोळा करायला घेतले. परंतु चिनारा मुकानोव्ना यांनी अर्ज उलटा केला व मागचे बारीक अक्षर चष्मा वर करून वाचले. अपूर्ण राहिलेला पाठ त्याच शिक्षकाने त्याच वर्गात पूर्ण करावा, आणि तो पूर्ण होईपर्यंत शिक्षक बदलू नये व वर्ग मोडू नये, असे तेथे स्पष्ट छापलेले होते. त्यांनी खाली लिहिले: 'एकशे शहाण्णव थांबेपर्यंत पाठ पुढे चालू.' सही केली, शिक्का मारला आणि फुंकर घालून वाळविला.

हेडमास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. मग ते चोल्पोनजवळ गेले व त्यांनी, पाहुण्याशी बोलावे तशा अदबीने, अजून साधारण किती दिवस लागतील अशी विचारणा केली.

"दोनशे पायऱ्या झाल्यात सर. आता एक आकडा वहीच्या एका ओळीत मावत नाही. जरा रुंद वह्या मिळतील का?"

हेडमास्तरांनी कमरेची किल्ली काढली, कचेरीतले कपाट उघडले आणि पुढील दहा वर्षांसाठी राखून ठेवलेली सर्व हजेरीपुस्तके आणून तिच्या पुढ्यात रचली.

येथवर साथ देणाऱ्या वाचकांचे मनःपूर्वक आभार मानून रजा घेतो.

आपला नम्र,
शार्शेनबेक मामितोव, काराबुलाक