लाइन क्लियर

सकाळी दहाला बबनभाऊ वायरीने मोबाइल कॉम्प्युटरला जोडायचे, टेबलावर दोन टिचक्या मारायचे आणि कॉम्प्युटरवरची यादी वाचत ओरडायचे, "शांता, सोमाटणे!" मोबाइल माझ्या हातात. त्यात बघून मी म्हणायचं, "शांता, सोमाटणे, आहे." मग पुढचं नाव. अशी सव्वातीनशे नावं. दोन्हीकडची यादी अक्षरन् अक्षर जुळली की भाऊ हात वर करायचे, "लाइन क्लियर!" त्याआधी आमच्या डोंगर बचाव समितीचा एक निरोपही बाहेर जायचा नाही.

भाऊ लोणावळ्याच्या रेल्वे केबिनमधून निवृत्त झालेले. तिथे दोन्ही टोकांच्या स्टेशनांचं एकमत होऊन 'लाइन क्लियर' मिळाल्याशिवाय गाडी सुटत नाही. तोच कायदा त्यांनी समितीला लावला. दोन्ही याद्यांचा मेळ आपोआप बसतो, सगळं क्लाउडवर ठेवा, असं मी शंभरदा सांगितलं. ते खिडकीबाहेर बोट दाखवायचे. "ढगात? हितं ढगात शिरलेली म्हस सापडत न्हाई, नाव कुटं सापडायचं?"

मी समितीची पत्रकं लिहिते. 'जागे व्हा' म्हटल्याशिवाय माझं पत्रक सुरू होत नाही. टाकवे बुद्रुकच्या डोंगराला जेसीबी भिडला त्या दिवशीही हा माणूस नावं वाचत बसला. मी किंचाळले, "भाऊ, जेसीबी काय तुमच्या लाइन क्लियरसाठी थांबलाय?"

"गाडी उशिरा सोडली तर शिव्या पडत्यात, पोरी. न इचारता सोडली तर मानसं मरत्यात."

त्यात आणखी एक छळ. प्रत्येक नावापुढच्या रकान्यात भाऊंनी मजकूर भरलेला. 'डावा गुडघा.' 'सून बाळंत, दुपारी फोन नको.' 'कोंबड्यांचं इचारणे.' ही चळवळीची यादी की पारावरच्या गप्पा? एकदा भाऊ पोस्टात गेले, तेवढ्यात मी तो रकानाच्या रकाना पुसला. वायर जोडलेलीच होती. मेळाचं बटणही दाबलं. दोन्ही टोकं पहिल्यांदाच एका क्षणात जुळली. कोरी करकरीत.

भाऊ आले, मोबाइल घेतला, खुशीत सोमाटण्याला फोन लावला. "शांतामावशी, राम राम..." आणि थांबले. स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"बोल की रं," पलीकडून मावशींचा आवाज आला. "मुका झालास का काय?"

"मागनं करतो," म्हणून भाऊंनी फोन ठेवला.

"यादी स्वच्छ केली मी," मी ऐटीत सांगितलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसत राहिले.

"डोक्यात ऱ्हात न्हाई आता," ते म्हणाले. "इंदुरीच्या एकाला इचारलं, वहिनी कशा हायत? त्याच्याच दारात तेराव्याचं जेवलो व्हतो मी. आठ दिस झालं नव्हतं. तवापासनं लिवून ठेवतो. ह्या टोकाचं गेलं तर त्या टोकाला असावं, म्हणून रोज ताडून बगायचं."

मी दुसऱ्यांना जागं करत फिरत होते.

पुढचे तीन दिवस मी एकेकाला फोन केला. भाऊ तुम्हाला काय विचारायचे? घरी कोण असतं? काय दुखतं? शांतामावशी म्हणाल्या, "सा म्हयनं झालं, सभेला या म्हणून फोन करतीस. माजा गुडगा आज घावला व्हय तुला?" मी टाइप करत राहिले. मान वर करायची सोय नव्हती.

शेवटी माझंच नाव उरलं.

"तुज्याफुडं काय लिवलं व्हतं?" भाऊंनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

मला आठवत होतं. पुसण्याआधी मी ते वाचलं होतं, आणि वाचूनही पुसलं होतं. काहीही लिहिलं असतं तरी खपलं असतं. होतं तसंच लिहिलं: 'तोंड तिखट. बाप बोलत न्हाई हिच्याशी. न जेवता येती.'

वायर जोडली. भाऊंनी मोबाइलवर ती ओळ बोट ठेवून वाचली, मग माझ्याकडे बघितलं, आत्ताच समजल्यासारखं.

"जेवलीस का गं?"

हे ते रोज विचारायचे, आणि मी रोज खोटंच 'हो' म्हणायचे.

"नाही," मी म्हणाले.