जळू कुठल्या पायाला लागते

पावसाळ्यात राधानगरीकडचा माणूस आमच्या जिन्याशी दिसला, की खालच्या मजल्यावरचे पाटीलसर दार उघडून बाहेर येतात आणि म्हणतात, "पावणं, पँट वर करा."

माणूस ओळखीचा असलाच पाहिजे असं नाही. सरांना त्याच्या पायाला जळू लागलीय का ते बघायचं असतं, आणि लागली असेल तर डाव्या की उजव्या. माझ्या थोरल्या मुलीला बघायला राधानगरीहून पाहुणे आले, तेव्हा मी वर खुर्च्या मांडून वाट बघतोय आणि मंडळी काही वर येईनात. खाली जाऊन बघतो तर मुलाचे वडील, चुलते आणि खुद्द नवरदेव पायऱ्यांवर ओळीनं बसलेले, पँटी गुडघ्यापर्यंत, आणि सर चुलत्यांच्या पोटऱ्या न्याहाळतायत. "ह्यांच्या डाव्याला दोन जुने डाग हाइत," मला म्हणाले. "पर जळवंचेच का, ते नक्की न्हाय." तरीही लग्न जमलं. जावई अजूनही आधी खाली पाय दाखवतो आणि मगच वर येतो.

मी शौकत मुल्ला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तपासणी खात्यात आहे. ओतून आलेले भाग मोजायचे, तक्त्यात मापं लिहायची, खाली सही करायची. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे; निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. पोरं त्यांना 'जळूसर' म्हणायची. सरांना ते माहीत होतं, पण त्यात चिडण्यासारखं काय आहे हे त्यांना कधी कळलं नाही.

"नक्की न्हाय अजून" हे त्यांचं पालुपद. पाऊस येईल का विचारा, नक्की न्हाय. वय विचारा, "आईनं सांगितलंय तेवढं ठाऊक. तिला तारखा ध्यानात राहायच्या न्हाइत." एकदा आम्ही गवळ्यांच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला गेलो. म्हैस समोर, धार समोर, पेला समोर. मी विचारलं, "आता तरी म्हशीचं आहे ना सर?" सर म्हणाले, "मधे मला शिंक आली की. तेवढ्यात काय झालं ते मी बघितलं न्हाय." गवळी त्यांच्याकडे असा बघायला लागला, की मी माझा पेला अर्धाच ठेवून त्यांना तिथून काढलं.

पण जळूची गोष्ट त्यांच्या लेखी थट्टेची नव्हती. जळू डाव्या पायाला जास्त लागते की उजव्या, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी बावीस वर्षं, पावसाळ्यातल्या प्रत्येक रविवारी, पहिल्या एसटीनं ते राधानगरीला जायचे. सोबत त्यांच्या पत्नी, सुशीलाकाकू. सर हाफ पँटवर, अनवाणी, ठरलेल्या वाटेनं अर्धा तास चालायचे. मग एका दगडावर उभे राहायचे. आपल्या पायांवरच्या जळवा ते स्वतः मोजायचे आणि काकूही मोजायच्या. मोजून झालं की दोघं एकमेकांकडे पाठ करून लिहायचे, सर निळ्या वहीत, काकू लाल वहीत. घरी येऊन वह्या शेजारी ठेवायच्या. आकडे जुळले तर नोंद धरायची, नाही जुळले तर दोन्हीकडे खोडायची. "एकट्याचं मोजणं म्हंजे नुसतं मत," सर म्हणायचे. आणि मोजताना तोंडातून आवाज काढायचा नाही, हा नियम तर अगदी कडक.

काकू सातवी शिकलेल्या. वह्या घेऊन निघाल्या की मला म्हणायच्या, "चाललो बघ शौकत, रक्तदानाला." मी सरांना दरवर्षी विचारायचो, "आता लेख लिहा की, सर." उत्तर ठरलेलं होतं. मग काकू हसून म्हणायच्या, "ह्येंचं नक्की व्हायच्या आत जळवा संपतील. माझं नाव छापलेलं मी आमच्या लग्नपत्रिकेवर बघितलं, त्यानंतर न्हाय बाई."

काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. शेवटी शेवटी साखरेनं त्यांचे डोळे पार गेले होते. जिन्यात मला आवाजावरून ओळखायच्या. तेव्हापासून सरांच्या वह्या कपाटात आहेत आणि ते फक्त पाहुण्यांचे पाय बघतात.

यंदाच्या जूनमध्ये गडमुडशिंगीची तेजस्विनी नावाची मुलगी त्यांना शोधत आली. जळवांवर पीएचडी करणारी. पाठीला लॅपटॉप, हातात पेढे. तिनं सरांना वाकून नमस्कार केला, सरांनी वाकून तिच्या घोट्यांकडे बघितलं. मी तिथंच होतो.

"सर, तुमच्या लेखाची एक प्रत पाहिजे," ती म्हणाली. "सगळीकडं हुडकला, मिळंना. म्हटलं लेखकालाच भेटावं."

"कुठला लेख?"

तिनं एक कागद पुढे केला. त्यावर संदर्भांची यादी छापलेली होती आणि एकाखाली तांबडी रेघ. पाटील ब., पाटील सु. राधानगरीच्या जंगलातील जळवा व मानवी पायाची निवड. पुढे नियतकालिकाचं नाव, वर्ष, पान क्रमांक. आणि निष्कर्ष एका ओळीत: डावा पाय.

सरांनी तो कागद दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. "हे मी लिवलंय?"

"तुम्हीच की सर. आणि हे सु. पाटील कोण?"

सर खाली बसले. "हुडकून ठेवतो," एवढंच म्हणाले.

पुढचे चार दिवस त्यांनी घर उपसलं. कपाटं, माळा, ट्रंका. मीही कामावरून आलो की मदतीला. शेवटी त्यांनी पिठाचा डबासुद्धा उघडला, तेव्हा मी ओरडलो, "सर, पिठात लेख कोण ठेवतं?" ते डबा हातात धरून तसेच उभे राहिले. "मुल्ला, मी इसरायला लागलोय व्हय रं?" म्हणाले. मला भीती वाटली.

मी त्या मुलीला फोन लावला. कुठून मिळाला म्हटलं हा संदर्भ?

"काका, एआयला विचारलं, ह्या विषयावर आधी कुणी काय लिवलंय. त्यानं यादी दिली. बाकीचे सगळे लायब्ररीत घावले, हा एकच न्हाय."

"अगं, मग त्यानं मनानंच लिहिला असेल."

"पान नंबर दिलाय की काका! खोटं बोलणारं कोण पान नंबर देतंय?"

खोट्या तक्त्यातलेच आकडे सगळ्यात नीटनेटके असतात, हे मला तिला सांगता आलं असतं. पण मग ते मला कसं ठाऊक, हेही सांगावं लागलं असतं. माल घाईचा असला की चहाच्या टेबलावर बसून मापं भरणारा मी एकटाच नाही, एवढंच इथं म्हणतो.

मला वाटलं, हे ऐकून सर सुटतील. त्यांनी उलट मलाच पेचात टाकलं. "मग सुशीलाचं नाव त्याला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, सर. एका पाटलाशेजारी दुसरा पाटील बसवला आणि पुढे एक 'सु' लावला. आपल्या जिल्ह्यात त्याला काय अक्कल लागते?"

"तुला नक्की ठाऊक हाय?"

आता मला काय नक्की ठाऊक असणार!

"बघ," सर बोटं मोजत म्हणाले, "यंत्र म्हणतंय लिवलाय. मी म्हणतोय न्हाय. दोघांचं जुळंना. मग धरायचं कुणाचं? माझं एकट्याचं म्हंजे नुसतं मत झालं की." माणूस स्वतःच्या न लिहिलेल्या लेखाला साक्षीदार शोधत होता. मला हसावं की त्यांना डॉक्टरकडे न्यावं ते समजेना.

शनिवारी तेजस्विनी परत आली. असा लेख नाहीच, हे आता तिलाही कळलं होतं आणि चेहरा उतरला होता. "सर, पहिलं प्रकरण ह्या लेखावरच उभं केलंय. पुढच्या आठवड्यात द्यायचं हाय. माझ्या गाईडमॅडम म्हणाल्या, लेखकानं नुसतं लिहून दिलं, लेख होता, आता प्रत मिळत न्हाय, तरी चालंल." हे बोलताना ती सरांकडे बघत नव्हती, पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

मला विचाराल तर मी म्हणत होतो, द्या लिहून. पोरीचं वर्ष वाचतंय. जळवा काही तक्रार करायला येणार नाहीत. आणि मी बोललोही, "द्या की सर. काकूंचं नाव छापून येईल."

सरांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं, की मीच नजर वळवली. "सोमवारी ये, पोरी," ते तिला म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी मला व्हरांड्यात बसवलं आणि वर्षाला एक अशा बावीस लाल वह्या पुढ्यात ठेवल्या. "मी निळ्या बघतो, तू लाल बघ. डावा-उजवा हिशेब मांडून कुठं उत्तर काढलंय का, तेवढं बघायचं. एकमेकाला सांगायचं न्हाय."

काकूंचं अक्षर गोल, मोठं. पहिल्या वह्यांत चिखलाचे डाग आणि खोडाखोड, पानागणिक. एका समासात लिहिलं होतं, 'ह्येंनी परत चुकीचं मोजलं.' मी हसत हसत वाचत होतो. सतरा वह्या अशाच. उत्तर कुठंच काढलेलं नव्हतं.

अठरावी वही उघडली आणि माझं हसू थांबलं. अक्षर बोटभर मोठं झालेलं, ओळी पानाबाहेर उतरत गेलेल्या. आणि खोडलेली नोंद एकही नाही. एकोणिसावीत नाही, विसावीत नाही. शेवटपर्यंत नाही. पाच पावसाळे सगळे आकडे जुळले होते.

आमच्या खात्यात सगळी मापं जुळली, की मोजणाऱ्याला बोलावून विचारतात, बाबा, तू मोजलंस का? मी वही मिटली. काकूंवर असला आळ घ्यायला माझी जीभ रेटेना.

"काही मिळालं नाही, सर."

"शेवटच्या पाचांत किती खोडलेल्या हाइत?"

"मोजल्या नाहीत."

"तपासणी खात्यातला माणूस तू," सर म्हणाले. "एक बी न्हाय. मला ठाऊक हाय ते."

रस्त्यावरून भाजीचा गाडा ओरडत गेला. तो लांब जाईपर्यंत सर थांबले.

"तिला जळवा दिसत नव्हत्या, मुल्ला. पाय तेवढा दिसायचा. मला म्हणाली न्हाय ती कधी. म्हणाली असती तर घरात बसावं लागलं असतं तिला. मग मी मोठ्यानं मोजायला लागलो. तिला ऐकू जाईल असं."

"तुम्ही? तुमचाच नियम होता की, सर."

"व्हय. माझाच." त्यांनी निळ्या वह्यांवरून हात फिरवला. "त्या आकड्यांवर लेख लिवला तर खोटं. पाच वर्षं वगळून लिवला तर सुशीला विचारणार, का वगळली? काय सांगायचं तिला? म्हणून म्हणायचो, नक्की न्हाय अजून."

माझ्या डोक्यात सगळा गुंता झाला. खोटं कुणाचं म्हणायचं? यंत्राचं, काकूंचं, सरांचं, की तक्त्यावर सही ठोकणाऱ्या माझं? मला अजून ते सुटलेलं नाही.

मग सरांनी पत्र सांगितलं आणि मी लिहून घेतलं. 'हा लेख आम्ही दोघांनी लिहिलेला नाही. या प्रश्नाचं उत्तर आम्हाला मिळालेलं नाही.' खाली त्यांनी सही केली आणि साक्षीदार म्हणून मला करायला लावली. आयुष्यात एवढं जपून मी पेन धरला नव्हता.

सोमवारी तेजस्विनीनं पत्र वाचलं. रडेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, "मग ते प्रकरण काढतेच, सर. परत लिवते. होईल तेवढा उशीर होऊ दे." सरांनी पहिल्या सतरा वर्षांच्या लाल आणि निळ्या वह्या तिच्यापुढे ठेवल्या. "ह्या दोघांनी मोजलेल्या हाइत. हिशेब तू मांड. आणि कुणाला तरी बरोबर घेऊन मांड."

ती वह्या घेऊन गेली. संदर्भांचा तो कागद टेबलावरच राहिला होता. मी तो फाडायला उचलला, तर सरांनी माझ्या हातातून काढून घेतला. दोन्ही नावांवरून बोट फिरवलं, नीट घडी घातली आणि काकूंच्या शेवटच्या लाल वहीत ठेवला.

"सर, ते खोटं आहे," मी म्हणालो.

"व्हय की," सर म्हणाले, आणि वही मिटून कपाटात ठेवायला उठले. "ह्या वहीतलं बी खोटंच हाय."