बाइंडरकाकांचं दुरुस्तीपत्रक

"तुमच्या मनात नक्की काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही," विवाह नोंदणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर टेलरबाई हळूच म्हणाल्या. "अजून वेळ आहे. काहीतरी बोला."

बाइंडरकाकांनी घसा खाकरला, कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "आता आपलाच नंबर."

साक्षीदार म्हणून आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, कपाळावर हात मारून घेतला.

काका माणूस सोन्यासारखा, पण बोलण्याच्या बाबतीत पक्का चिक्कू. बत्तीस वर्षं ते याच सरकारी इमारतीच्या तळघरात देशाचे कायदे बांधत होते. अक्षरशः बांधत होते, दाभण आणि दोऱ्याने. गाडी कुठे उभी करावी, कुंपण किती उंच असावं, बाजारातला काटा कधी तपासावा, कुत्र्याला पट्टा केव्हा घालावा, साऱ्या संहिता त्यांच्या हातून शिवून निघायच्या. इतक्या वर्षांत एक पान इकडचं तिकडे झालं नव्हतं, याचा त्यांना भारी अभिमान होता. समोरच्या दुकानातल्या टेलरबाईंना मागणी घालायला मात्र सहा वर्षं लागली, आणि तीही शेवटी ताईनेच घातली.

अर्जाची मुदत आज पाच वाजता संपत होती. आज लग्न लागलं नाही, तर पुन्हा तीस दिवसांची नोटीस. तीस दिवसांत बाईंचं मन फिरलं तर? या धास्तीने काकांची झोप उडाली होती, पण तेही ते कोणाला बोलले नव्हते.

आत निबंधकसाहेबांनी विवाहसंहिता उघडली. "जुनी प्रत फाटली, ही आजच काढली. कलम बावीस, शपथ. मी वाचतो, तुम्ही मागून म्हणा. 'आम्ही दोघे एकमेकांना...'"

"आम्ही दोघे एकमेकांना," दोघे म्हणाले.

साहेबांनी पान उलटलं. "'...दोन बोटांहून लहान भोकाच्या जाळ्यात पकडणार नाही, आणि पोटात अंडी असलेली मादी सापडल्यास तिला तत्काळ पाण्यात सोडून देऊ.'"

साहेबांनी चष्मा सारखा करून पान पुन्हा पाहिलं.

"हे नवीन निघालंय का?" ताईने विचारलं.

"मासेमारीचं पान आहे हे!" साहेब पानं चाळू लागले. "आणि शपथेचं पान गायब आहे."

"मग पाठ म्हणा की," ताई म्हणाली. " तुम्हाला येत असेलच."

"बाई, झोपेतसुद्धा म्हणेन. पण कायदा सांगतो, शिक्क्याच्या ग्रंथातूनच वाचायचं. छापखान्याची चूक दिसते. ग्रंथ चौकशीला पाठवतो, तुम्ही महिन्याने या."

काकांनी आपली शिवण केव्हाच ओळखली होती. गप्प बसलं तर बत्तीस वर्षांचं नाव शाबूत राहणार होतं. तरी ते पुढे झाले.

"छापखान्याची नाही. चूक माझी आहे. ते पान तिसऱ्या मजल्यावर असणार, मासेमारीच्या ग्रंथात. दोन्ही एकाच दिवशी शिवले होते."

मग सगळी वरात तिसऱ्या मजल्यावर. मत्स्यखात्याचे साहेब ऐकून पांढरेफटक पडले.

"अहो, मला वाटलं कायद्यात दुरुस्ती आली! अकरा मच्छीमारांकडून शपथ घेतली मी. सुखात, दुःखात, आजारपणात होडीला अंतर देणार नाही म्हणून. एकाने विचारलंसुद्धा, बायकोला सांगावं लागेल का?"

पान मिळालं तेव्हा साडेचार वाजले होते. पण निबंधकसाहेबांनी नवा कागद पुढे सरकवला.

"पान नुसतं सरकवता येत नाही. दुरुस्तीपत्रक भरा. चूक कोणाची, कधीची, कारण काय. सगळ्यांसमोर वाचून दाखवावं लागतं, मगच शिक्का."

'कारण' या रकान्यापाशी काकांचं पेन अडलं. घड्याळ पुढे सरकत होतं. टेलरबाई खिडकीबाहेर बघत होत्या. ताई कुजबुजली, "अरे, लिही काहीतरी!" शेवटी काकांनी खाली मान घालून भराभर लिहिलं आणि कागद देऊन टाकला.

साहेब खणखणीत आवाजात वाचू लागले. "चूक करणारा: मी. दिनांक: गेल्या महिन्याची आठ. कारण: त्या सकाळी बाई तळघरात येऊन हो म्हणाल्या. मी 'बरं' म्हणालो. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मला वाचता येत नव्हतं. पानावर अक्षरं होती, पण मला त्याच दिसत होत्या." साहेबांचा आवाज खाली आला. "असं पूर्वी कधी झालेलं नाही. यापुढे होणार नाही, अशी हमी देता येत नाही."

ताईने डोळ्यांना पदर लावला. टेलरबाई आता खिडकीबाहेर बघत नव्हत्या.

"हे कारण कुठल्याच नियमात बसत नाही हो," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "पण रकाना भरलाय ना? मग झालं." आणि त्यांनी शिक्का मारला.

पाचला चार मिनिटं असताना लग्न लागलं. या वेळी कलम बावीस मासळीविना पार पडलं, आणि शपथ म्हणताना बाईंचा आवाज दोनदा अडखळला.

"दाखला टाइप होतोय. पाच मिनिटं बसा," साहेब म्हणाले.

"दाखल्याची घाई नाही," टेलरबाई म्हणाल्या. "आधी त्या पत्रकाची नक्कल द्या मला. शिक्का मारून."