कड्याखालच्या भोजनाची हकीकत

श्रीगजाननास वंदन असो, आणि जे पर्वत पोटी बर्फ व माथी धोंडे घेऊन स्वस्थ बसतात त्यांसही असो, की ही हकीकत पुरी होईतो त्यांनी स्वस्थच बसावे. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमी. ते समयी उत्तरेकडील एका राज्यात नदीस धरण बांधणे चालिले होते आणि सहाशे असामी कामास लाविली होती. जागा उत्तम, परंतु पूर्वेकडे तोंड केलेला उंच कडा थेट माथ्यावर. रात्री भेगांतले पाणी गोठावे आणि धोंडे जागीच धरोन ठेवावे, आणि ऊन लागताच बर्फाने हात सोडावा, ऐसा त्या कड्याचा स्वभाव. म्हणोन त्याची राखण मायाजी नाईक पाथरवट याजकडे होती. मायाजी साठीस टेकलेला, बोलणे मोजके, गुडघे कुरकुरते. त्याने पहाटेस कमरेस दोर बांधोन कड्यावरून उतरावे आणि पहारीने सुटे धोंडे पाडावे, मग पायथ्याशी एकट्यानेच बसोन भाकर खावी. शेवटचा घास पोटात जाईतो वरून काही आले नाही, म्हणजे मजुरांनी आत शिरावे. भाकर अर्धी राहिली तर त्या दिवशी काम नाही. आणि कड्यावर ऊन आले की सर्वांनी बाहेर. ऐसा शिरस्ता तीन वर्षे चालिला आणि माणूस एक दगावला नाही.

मग हुजुरातून नवे कारखानीस गंगो भिकाजी कामावर आले. माणूस दयाळू, आणि दयेची घाई मोठी. पहाटेच्या गारठ्यात मजुरांची बोटे फुटतात, हत्यार धरवत नाही, हे पाहोन त्यांचा जीव कळवळला आणि त्यांनी हुकूम फर्माविला की, उद्यापासोन काम ऊन आल्यावर सुरू करावे. मजूर खूश जाहले. दुसरे दिवशी मायाजी कड्यावरून उतरोन त्यांजपुढे हात जोडोन उभा राहिला.

"सरकार, वर एक शिळा हाय, बैलगाडीएवढी. बर्फानं धरलीया. ऊन लागलं की सुटंल."

"पहार घालोन पाहिली?"

"चार गडी लावलं. हलली नाय."

"चार गड्यांस हलत नाही ती उन्हास हलणार? नाईक, तुम्ही थकलात," ऐसे कारखानीस हसोन बोलिले.

मायाजीने भाकरीचे फडके सोडिलेच नाही. तेव्हा मजूर कुजबुजो लागले आणि कारखानीसांस शिरस्ता कळला. ते म्हणाले, भाकर खाणाराच पाहिजे ना, मग आम्ही जेवतो. माणूस भित्रा नव्हता, हे लिहिणे प्राप्त आहे. त्यांनी बर्फाच्या पाण्यात स्नान केले आणि सोवळे नेसोन कुडकुडत कड्याखाली पानावर बसले. भातावरचे तूप वाढताच थिजले. ऊन अर्ध्या कड्यावर उतरले. शिरस्त्यात जेवणाराचे नाव कोठे लिहिले होते? मजुरांनी कुदळी उचलिल्या आणि शेवटच्या घासाची वाट पाहात उभे राहिले, आणि सर्वांपुढे मायाजीचा धाकटा भाऊ सुभाना. मायाजीने हाका मारिल्या, परंतु कारखानीसांचे जेवताना मौन, आणि मजुरांस आता मायाजीपेक्षा ताटाचा भरवसा. वर थेंब ठिबकत होते त्यांची धार जाहली. पानावर चार घास उरले.

जेवत्या ब्राह्मणास शिवणाराचा हात तोडावा, ऐसा त्या राज्याचा कायदा. आणि शिवला गेला तर ब्राह्मणाने अन्न टाकोन उठावे, हा धर्म. मायाजीस भय वाटले, साफ वाटले. त्या हातांवरच त्याचे पोट होते. तरी तो कुरकुरत्या गुडघ्यांनी चालत गेला आणि त्याने कारखानीसांच्या उघड्या पाठीवर आपला पंजा टेकविला.

"शिवलो जी," तो म्हणाला.

कारखानीस लाल होऊन उठले आणि नदीकडे पुन्हा स्नानास गेले. शिपायांनी मायाजीस धरोन बाहेर नेले. जेवण अर्धे राहिले, सबब मजुरांनी कोणी न सांगता कुदळी खाली ठेविल्या. कारखानीस गळ्याइतक्या पाण्यात असता शिळा सुटली आणि तिजमागोमाग अर्धी दरड. धुरळा बसल्यावर पाहतात तो ताट नाही, आणि ताट मांडिले होते ती जागाही नाही.

कारखानीस ओलेत्यानेच धावत आले. कारकुनाने हळूच कायद्याची आठवण दिली.

"यांच्या स्पर्शाचे प्रायश्चित्त आम्ही घेऊ," कारखानीस बोलिले. "आमच्या हुकुमाचे घ्यावे लागते, तर आम्हास सहाशे जन्म कोठोन मिळते?" मग मायाजीकडे वळोन म्हणाले, "नाईक, उद्या काम केव्हा?"

"पहाटंच. पर आधी अंग पुसा, सरकार."

पुढे पहाटे बोटे शेकावयास धरणावर शेकोट्या पेटविण्याचा हुकूम जाहला, आणि कारखानीसांची दया ठिकाणी लागली. दोन वर्षांनी धरण पुरे जाहले. सहाशे असामी आली होती, सहाशे घरी गेली. हकीकत इतकीच.