‘मार’ या बटणाची सुधारणा

माणसाला खोट्याचा कंटाळा कधीच येत नाही. खोटं पुरेसं खरं वाटलं नाही, की मात्र तो लगेच तक्रार करतो. या तत्त्वावर जगातले अनेक उद्योग उभे आहेत. क्रिकेटचे व्हिडिओ गेम बनवणारी एक कंपनी त्यांपैकीच. या कंपनीच्या चौथ्या मजल्यावर, पाण्याच्या यंत्राला लागून, फलंदाजी नियंत्रण विभाग आहे आणि त्याच्या प्रमुखांना सगळे बटणराव म्हणतात. (विभागात ते एकटेच आहेत. प्रमुखाच्या हाताखाली कुणी असावंच लागतं, हा बाहेरच्या लोकांचा गैरसमज आहे.)

बटणरावांची सगळी कीर्ती एका बटणावर उभी होती. त्यांनी तरुणपणी केलेल्या गेममध्ये फलंदाजीला तेवढं एकच बटण होतं आणि त्यावर लिहिलं होतं, ‘मार’. चेंडू यायचा, माणूस बटण दाबायचा, बॅट फिरायची. वेळेवर दाबलं तर चौकार, नाहीतर दांडी गुल. शाळेतली पोरं खेळायची, पेन्शनीतली माणसं खेळायची, बँकेतले लोक काउंटरखाली धरून खेळायचे. इतक्या लोकांना इतक्या सहजी आनंद मिळतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, ही गोष्ट कंपनीच्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. दिरंगाईच म्हणायची.

मग तक्रारी येऊ लागल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच: फलंदाजी खरी वाटत नाही. कंपनीने तक्रारदारांची पाहणी केली. त्यांतल्या सत्तर टक्के लोकांनी चामड्याचा चेंडू जन्मात हातात धरला नव्हता. उरलेल्या तीस टक्के लोकांना तो एकदा लागला होता. तेव्हा तक्रारी अभ्यासपूर्ण आहेत असं ठरवून कंपनीच्या संचालकबाईंनी एक वास्तवता अधिकारी नेमला.

हे गृहस्थ आधी प्लास्टिकची फुलं बनवणाऱ्या कारखान्यात होते. फुलं खरी वाटावीत म्हणून प्रत्येक गुच्छात दोन सुकलेली पानं घालायची पद्धत त्यांनीच सुरू केली होती. पुढे ते फुलांना कीडही लावणार होते, पण कारखाना त्याआधीच बंद पडला. दूरदृष्टीच्या माणसाला अशी संकटं सोसावीच लागतात.

त्यांनी रुजू झाल्या झाल्या ‘मार’ हे बटण रद्द केलं. “फलंदाज मारतो कुठे?” ते म्हणाले. “फलंदाज आधी उभा राहतो.” बटणराव कामाला लागले. नव्या रचनेत उजव्या अंगठ्याकडे बॅट आली आणि डाव्या अंगठ्याकडे पाय. एका तर्जनीने वरच्या हाताची पकड सांभाळायची, दुसरीने खालच्या हाताची. चेंडूवर नजर ठेवायला वेगळं बटण. ते सुटलं की फलंदाज प्रेक्षकांत ओळखीचं कुणी आलंय का ते बघू लागे. एक बटण जोडीदाराला ‘नको, नको’ म्हणण्याचं, आणि एक, तो तरीही धावत आल्यावर त्याच्याकडे बघण्याचं. प्रत्येक चेंडूआधी अवघड जागेचं कवच नीट बसवून घेणं सक्तीचं होतं. (माहितीपुस्तिकेत या बटणाला ‘अंतर्गत व्यवस्थापन’ असं म्हटलं आहे.) बाद झाल्यावर बॅटकडे बघणे, खेळपट्टीकडे बघणे आणि पंचाकडे बघणे यांसाठीही सोय होती. नाचता येईना अंगण वाकडं, ही एवढी मोठी म्हण बटणरावांनी तीन बटणांत बसवली. खेळणाऱ्यांना ती तिन्ही बटणं पहिल्याच दिवशी अचूक जमली. बाकीची अजून जमलेली नाहीत.

बटणरावांची बायको हातापायांचे व्यायाम करून घेणारी डॉक्टर. तिच्या दवाखान्यात आता अंगठे यायला लागले. सुजलेले, आखडलेले, एक तर उलटा वळलेला. नवऱ्याने बिघडवायचं आणि बायकोने दुरुस्त करत बसायचं, असा हा संसार सुरळीत चालला होता. तो बऱ्याच घरांत तसाच चालतो, फक्त तिथे दवाखान्याची पाटी नसते.

अडचण होती ती मातोश्रींची.

बटणरावांची आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आयुष्यभर बटणं दाबून तिने लोकांचे फोन जोडून दिले होते. न्हाणीघरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ती पलंगाला खिळली. मन रमावं म्हणून मुलाने तिच्या हातात जुना एका बटणाचा गेम दिला. त्यात कॅमेऱ्यासमोर धरून आपला चेहरा खेळाडूला लावता येई. तेव्हा आईच्या संघात चष्मा लावलेली, हेल्मेटमधून अंबाडा बाहेर आलेली एक बाई तिसऱ्या क्रमांकावर खेळायला येऊ लागली आणि भल्याभल्या गोलंदाजांना फोडून काढू लागली. फक्त शतक होत नव्हतं. नव्वदीत गेली की बाई हमखास बाद व्हायच्या.

हाड जुळलं. सुनेने वॉकर आणून पलंगाशी ठेवला. आई त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हती. पडण्याची भीती तिच्या पोटात जाऊन बसली होती, पण ते कबूल करेल ती आई कसली.

“आधी माझं शतक होऊ दे,” ती म्हणाली. “मग उठते.”

“आई, शतकाचा आणि चालण्याचा काय संबंध?” सुनेने विचारलं.

“शंभर मारलेले असले की पडायला काही वाटत नाही.”

सुनेने बटणरावांना बाजूला घेऊन सांगितलं, की आता महिनाभरात उभ्या राहिल्या नाहीत तर पुढे कधीच राहणार नाहीत. “काय ते शतक लवकर होऊ दे,” ती म्हणाली. त्या आठवड्यात आई नाबाद एक्क्याण्णववर होती, आणि घरात सगळे दबक्या पावलांनी चालत होते.

इकडे वास्तवता अधिकाऱ्यांनी संशोधन हाती घेतलं होतं. घडीची खुर्ची आणि एक घड्याळ घेऊन ते मैदानावर जाऊन बसले आणि खरा फलंदाज खरोखर किती वेळ फलंदाजी करतो हे मोजून आले. निष्कर्ष धक्कादायक होता. दिवसभरातली काही मिनिटं सोडली तर फलंदाज फलंदाजी करतच नाही. तो दुसऱ्या टोकाला उभा असतो, नाहीतर पॅड बांधून बसलेला असतो, आणि बहुतेक वेळा तर तो संघातच नसतो. देशात फलंदाजी येणारी माणसं लाखो, संघात जागा अकरा. म्हणजे खऱ्या फलंदाजाचा खरा अनुभव कोणता? बसून राहणं.

“आपण इतकी वर्षं लोकांना सरसकट बॅटिंग देत होतो,” अधिकारी बैठकीत म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. “कसलं हे खोटं जग!”

संचालकबाईंना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं, त्यामुळे त्या निःपक्षपाती होत्या. त्यांनी ताबडतोब मंजुरी दिली. नव्या आवृत्तीत गेम सुरू केला की खेळणारा राखीव बाकावर बसलेला दिसेल. पॅड बांधायला चार बटणं आणि सोडायला दोन. निवड समितीची बैठक चालू असल्याचं बंद दार समोर दिसेल. दाराचा आवाज खऱ्या दाराचा असेल. ही आवृत्ती सोमवारी सकाळी सगळ्यांच्या यंत्रात आपोआप शिरेल आणि आधीच्या सगळ्या, अगदी एका बटणाचीसुद्धा, पुसून टाकेल.

समीक्षकांनी नव्या गेमवर स्तुतिसुमनं उधळली. ‘पहिले आठ तास मी हललोसुद्धा नाही,’ असं एकाने लिहिलं.

सोमवारी बटणरावांना ऑफिसात आईचा फोन आला.

“अरे, मी एक्क्याण्णववर होते. हा बाक कुठून आला?”

“आई, तो राखीव खेळाडूंचा बाक आहे. आता आधी निवड होते.”

“कुणाची?”

“तुझी.”

“कोण करणार माझी निवड?”

“समिती.”

“त्या समितीला म्हणावं, एक्क्याण्णववर खेळणाऱ्या बाईला उठवून बाकावर बसवलंत, घरी आयाबहिणी आहेत की नाहीत?” मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. “माझे एक्क्याण्णव कुठे गेले रे? मिळतील ना परत?”

बटणराव ‘बघतो’ म्हणाले. ऑफिसात हा शब्द ते दिवसातून वीसदा वापरत, पण या वेळी त्यांना खरंच बघायचं होतं. आईने त्यांच्यापाशी आजवर काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते त्यांनीच पुसलेलं. ते तडक संचालकबाईंच्या खोलीत गेले. अधिकारी तिथेच बसले होते.

“एका व्यक्तीला सवलत हवी आहे,” बटणराव म्हणाले. “थेट फलंदाजीला पाठवायचं. समिती नाही, बाक नाही.”

“कोण व्यक्ती?” बाईंनी विचारलं.

“माझी आई.”

अधिकारी बटणरावांकडे बघत राहिले. त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले.

“म्हणजे मुलगा कंपनीत आहे, म्हणून आईला थेट संघात घ्यायचं?”

“हो,” बटणराव मान खाली घालून म्हणाले. “चुकीचं आहे, मला कळतं...”

“चुकीचं?” अधिकारी ताडकन उठले. “अहो, याच्याइतकं खरं काय आहे जगात? आपण बाक आणला, दाराचा आवाज आणला, आणि वशिला राहूनच गेला!” त्यांनी बटणरावांना मिठी मारली. प्लास्टिकच्या फुलाला पहिल्यांदा पान लावलं तेव्हाही त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

अशा रीतीने गेममध्ये वशिल्याचं बटण आलं. ते बटणरावांनी स्वतः, जीव ओतून केलं. समोर दिसणार नाही अशा जागी, कडेला, डाव्या बोटाखाली. दाबताना आवाज होत नाही, दिवा लागत नाही. दाबणाऱ्याचा चेहरा मात्र पडद्यावर आहे तसाच, साधा आणि कष्टाळू दिसत राहतो. (हा भाग तांत्रिकदृष्ट्या सर्वांत अवघड होता.)

बाजारात आणण्याआधी बटणाची चाचणी झाली. चाचणीला आलेल्या शंभर टक्के लोकांनी अशा बटणाचा तीव्र निषेध नोंदवला. निषेध उजव्या हाताने नोंदवला, कारण डावा गुंतलेला होता. फक्त एका गृहस्थांनी बटण दाबलं नाही. त्यांना ते सापडलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांनी वेगळी तक्रार दिली.

बटण बाजारात आलं त्या संध्याकाळी बटणराव लवकर घरी आले. पलंगावर बसून त्यांनी आईचं डावं बोट धरून योग्य जागी ठेवलं. आईने दाबलं. बंद दार उघडलं, आणि हेल्मेटमधला अंबाडा डुलवत पडद्यावरची आई बाहेर पडली. पॅव्हेलियनच्या पायऱ्या उतरली. तिच्या खात्यावर एक्क्याण्णव धावा परत लागल्या होत्या. सुनेने गुपचूप वॉकर पुढे ओढला.

मैदानाच्या दोरीशी आणखी एक बाक होता. हा गादीचा होता, पण बाकच. त्यावर गर्दी होती.

“हे कोण सगळे?” आईने विचारलं.

बटणरावांच्या लक्षात आलं. बटण सगळ्यांनाच दिलेलं होतं, आणि सगळ्यांनीच ते दाबलेलं होतं. जुन्या बाकावर आता चिटपाखरू नव्हतं. समितीचं दार सताड उघडं होतं आणि आत कुणीही बसलेलं नव्हतं. “वशिल्याचे आहेत, आई.”

“आणि मी?”

“तूही.”

“मग माझा नंबर कधी?”

“आहे ना. लागेलच.”

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. आई पॅड बांधून बसली आहे. वॉकर पलंगाशी तसाच आहे, त्याच्या मुठीवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. सून रोज सकाळी विचारते, “आई, आज?” आणि आई म्हणते, “पुढे एकच आहे.” खरंच एकच आहे. परवा तिचा पहिला नंबर होता. ती हेल्मेट घालून उठलीच होती, तेवढ्यात बाकावर तिच्या पुढे कुणीतरी येऊन बसलं.

“हे कोण रे?” आईने पडदा मुलाच्या नाकासमोर धरला. “काल नव्हतं इथे.”

बटणरावांनी चष्मा पुसून बघितलं. चेहरा चांगल्या घरातला होता. वाचनाची आवड असलेला. वशिलेबाजीबद्दल मनापासून चीड असलेला, आणि वशिल्याची ही कथा हसत हसत शेवटपर्यंत वाचणारा.

“कोण आहे ते नाही माहीत, आई. पण सध्या काहीतरी वाचतंय.”

आई भली बाई आहे. वाचणाऱ्या माणसाला मध्येच टोकू नये, एवढं तिला कळतं. तिचं म्हणणं इतकंच आहे, की वाचून झालं असेल तर आता जरा सरका.